भीमथडीचा एकशिंगी भुंगेरा

गेल्या ज्येष्ठांत दौंडच्या स्टेशनावर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही बसलों होतों. दुपारीं पावसाची पहिली दमदार सर येऊन गेली होती आणि भिजलेल्या मातीचा वास फलाटापर्यंत येत होता. दिवे लागतांच त्यांच्याभोंवतीं पाखरांची झुंबड उडाली, आणि तींतून मधूनमधून तांबूस पिंगट रंगाचे भुंगेरे टपटप खालीं पडूं लागले. फरशीवर उताणे पडून पाय झाडावे, कसेबसे पालथे व्हावें आणि पुन्हां दिव्यावर धडक द्यावी, एवढाच त्यांचा उद्योग चालला होता. बांकावर आमच्या शेजारीं शिरूरकडील एक शेतकरी गृहस्थ बसले होते. त्यांनीं त्यांतला एक वाहाणेखालीं चिरडला आणि आमच्याकडे वळून म्हटलें, "हुमणी हाय ही, साहेब. औंदा ऊंस ठेवायची न्हाई."

आम्हीं दुसरा उचलून तळहातावर घेतला. लांबी बोटाच्या पेऱ्याएवढी. डोक्यावर मागें कललेलें एक आखूड शिंग. आणि त्याच्या मागें, पाठीच्या पुढील भागावर, चमच्यानें कोरून काढल्यासारखा खळगा. हुमणीच्या भुंगेऱ्यास शिंग नसतें. ज्याला देहदंड झाला तो प्राणी निराळ्याच कुळींतला होता. "पाटील, हा तो नव्हे," असें आम्हीं म्हटलें खरें, पण "मग ह्यो कोन?" हा त्यांचा पुढचा प्रश्न आला तेव्हां त्यांस सांगण्याजोगें एकहि मराठी नांव आमच्याजवळ नव्हतें. लॅटिन नांव होतें, तें आम्हीं गिळलें. पाटलांचाहि आमच्यावर विश्वास बसला नाहीं. "भादव्यांत या न्हावऱ्याला. उकिरड्यांत ढिगानं दावतो," असें आमंत्रण देऊन ते गाडीच्या गर्दींत मिसळले.

इंग्रजी विद्येवर तीस वर्षें पोट भरलेल्या मनुष्यास आपल्याच मुलखांतल्या एका किड्याचें नांव आपल्या भाषेंत सांगतां येऊं नये, याचा संकोच गाडींत बराच वेळ वाटत राहिला. परत आल्यावर आम्हीं त्या किड्याची बखर जुळविण्याचा प्रयत्न केला. ती येणेंप्रमाणें.

प्रथम मुलूख. भीमेच्या उत्तरेस घोड नदीपर्यंत पसरलेला तो शिरूर तालुका आणि दक्षिणेस पसरलेला तो दौंड. दौंडचा भाग पूर्वीं भीमथडी तालुक्यांत मोडे. थडी म्हणजे कांठ. हा कांठ मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे तो मुख्यत्वें घोड्यांकरितां. भीमथडीचें तट्टू म्हणजे काटक, थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारें जनावर. शिरूर, ज्याला लोक अजून घोडनदी म्हणतात, तेथें पुढें इंग्रजांची छावणी पडली. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवास लढलेली तुकडी आदल्या रात्रीं याच छावणींतून निघाली होती, आणि पुणें हॉर्स या नांवानें ओळखलें गेलेलें घोडदळहि येथें दीर्घकाळ राहिलें. इतिहासकार घोडे मोजतात, तलवारी मोजतात. घोड्यामागें पडणारी लीद मोजीत नाहींत. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर या दोन्ही थड्यांचा खरा सलग इतिहास गुरें, शेण, उकिरडा आणि शेत असाच चालत आला आहे. दिवाळीपासून उकिरड्यावर शेण-केर सांठत राहावा, उन्हाळ्यांत खताच्या गाड्या शेतांत जाव्या, आणि मृगाच्या पावसानें तें खत मातीशीं एकजीव व्हावें. या चक्रांत आमचा एकशिंगी भुंगेरा कोणाच्याहि नोंदीवांचून पिढ्यान्‌पिढ्या राबत आला. त्याची अळी कुजलेल्या शेणावर व पालापाचोळ्यावर वाढते. तिच्या पोटांतून गेलेला उकिरडा बारीक, मोकळा होऊन बाहेर पडतो.

आतां कूळ. ज्या भुंगेऱ्यांस इंग्रजींत गेंड्याचें नांव मिळालें त्यांचें एक मोठें उपकूळ शास्त्रज्ञ मानतात. त्याच्या दीड हजारांहून अधिक जाति जगांत नोंदलेल्या असून त्यांचा सर्वांत मोठा भरणा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आहे. तेथील हर्क्युलीस भुंगेऱ्याचा नर शिंगासकट मोजला तर वीतभर भरतो. आपल्याकडे या कुळाचे निरनिराळे नमुने निरनिराळ्या मुलखांत आढळतात. कोंकणांत नारळावरचा काळा, धिप्पाड, एका शिंगाचा. सह्याद्रीच्या रानांत डोक्यावर एक आणि पाठीवर एक अशीं दोन दुभंगलेलीं शिंगें समोरासमोर आणणारा. आणि घाटावर, कोरड्या मैदानांत, आमचा हा पेराएवढा पिंगट. कित्येक जातींच्या नरांसहि शिंगाचा पत्ता नसतो, आणि माद्या तर बहुतेक बिनशिंगाच्याच. तेव्हां शिंग हें या घराण्याचें निशाण असलें तरी तें घरांतल्या प्रत्येकाच्या हातीं दिलेलें नाहीं.

या घराण्याच्या नामकरणाचीं सालें आमच्या इतिहासाच्या सालांशीं लावून पाहण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. ज्या १७५८ सालीं राघोबादादांच्या फौजा लाहोरास पोहोंचल्या त्याच सालीं स्वीडनमध्यें लिनीअसनें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत नारळावरच्या भुंगेऱ्यास 'ऱ्हिनॉसिरस', म्हणजे गेंडा, असें नांव देऊन नोंदविलें. ज्या १७९२ सालीं महादजी शिंदे पुण्यास आले त्याच सालीं लिनीअसचा शिष्य, कील येथील प्राध्यापक फाब्रिशिअस, यानें आमच्या घाटावरच्या पिंगट भुंगेऱ्याचें बारसें 'डायोनिशिअस' असें केलें. आणि पेशवाई बुडाल्यावर एका वर्षानें, १८१९ त, मॅक्‌ले नांवाच्या इंग्रज पंडितानें या सबंध घराण्यास 'राजवंशी' अशा अर्थाचें ग्रीक नांव लावलें. हर्क्युलीस, अ‍ॅटलस, गिडिअन अशीं देवांचीं, दैत्यांचीं आणि सेनापतींचीं नांवें या किड्यांस वांटण्यांत तत्कालीन युरोपीय पंडितांनीं हात आंखडला नाहीं. दौंडच्या फलाटावर वाहाणेखालीं गेलेला जीव हा अशा रीतीनें राजवंशी डायोनिशिअस होता, हें पाटलांस सांगून काय उपयोग झाला असता? 'फायलोग्नॅथस डायोनिशिअस' हें संपूर्ण नांव तर आम्हांसहि एका दमांत उच्चारवत नाहीं.

मराठीला किड्यांचीं नांवें ठेवतां येत नाहींत असें मात्र कोणी म्हणूं नये. नाकतोडा, रातकिडा, घुंगुरटें, चिलट, गोमाशी, टोळ, काजवा, सोनकिडा, प्रत्येक नांवांत कोणीतरी नीट पाहिल्याची खूण आहे. पहिल्या पावसाबरोबर मखमली तांबड्या अंगाचा जो बारीक जीव जमिनीवर दिसतो त्यास आम्हीं मृगाचा किडा म्हटलें आणि नक्षत्राचा मान दिला. वस्तुतः त्याला पाय आठ, म्हणजे तो किडा नव्हेच, कोळ्याच्या गणगोतांतला. त्याच पावसांत, त्याच रात्रीं निघणाऱ्या शिंगवाल्या भुंगेऱ्यास मात्र कांहींच मिळालें नाहीं. कवींनीं 'भुंगा' हा शब्द आधींच पळविला होता. कमळांत अडकणारा तो भुंगा, आणि ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांत कोरडें लांकूड पोखरूनहि कोंवळ्या कळीपुढें हतबल होणारा तोहि भुंगा. लांकूड पोखरणारा हा काळा गुणगुणणारा जीव आपल्या घरांच्या वाशांत पुष्कळांनीं पाहिला असेल. तो मधमाशीच्या जातीचा आहे, भुंगेऱ्याच्या नव्हे. उरलेल्या टणक पाठीच्या सर्व प्राण्यांस आम्ही सरसकट भुंगेरे म्हणतों, आणि शेणांत सांपडले तर शेणकिडे. कोंकणांतल्या बागायतदारांनीं तेवढी नारळावरच्या दोन शत्रूंची वांटणी केली आहे: शिंगाचा तो गेंड्या भुंगा आणि सोंडेचा तो सोंड्या. यांतला गेंड्या बहुधा इंग्रजीवरून उतरला असावा. पण उतरला आणि रुळला, हें महत्त्वाचें. जेथें किडा झाड मारतो तेथें लोक त्याला नांव देतात. जो निमूटपणें उकिरडा कुजवितो त्याला कोण नांव देणार?

नांव देणारा एक मनुष्य या मुलखांत येऊन गेला होता. विल्यम हेन्‍री साइक्स हे कंपनी सरकारच्या लष्करांतले अधिकारी. १८२४ मध्यें मुंबई सरकारनें त्यांस दख्खनच्या आंकडेवारीच्या कामावर नेमलें आणि १८३१ पर्यंत ते पुणें, नगर व आसपासच्या जिल्ह्यांत तंबू ठोकीत हिंडले. पिकें, वजनें-मापें, पाऊस, लोकसंख्या हें त्यांचें सरकारी काम. पण संध्याकाळीं ते पक्षी, मासे व किडे गोळा करीत. दोनशेंहून अधिक पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ त लंडनास प्रसिद्ध झाली. पुण्याच्या मुंग्या आपल्या कोठारांत भिजलेलें गवताचें बीं पावसाची उघडीप पाहून बाहेर वाळत घालतात, हें त्यांनीं इतक्या बारकाईनें टिपून १८३५ त छापलें कीं मुंग्या धान्य सांठवितात या जुन्या समजुतीवर हंसणाऱ्या युरोपीय पंडितांस पुनर्विचार करावा लागला. आमच्या आजोबांच्या आजोबांनीं त्या मुंग्या रोज पाहिल्या असतील. मुंग्यांच्या वारुळाशीं साखर-पीठ घालणारांचा हा देश! परंतु पाहिलेलें लिहून ठेवावें, आणि लिहिलेलें दुसऱ्यानें तपासावें, ही संवय त्यांस नव्हती. साइक्स साहेबांच्या मागें घोडे हांकणाऱ्या, जाळीं धरणाऱ्या मराठी नोकरांनीं त्यांस किती नांवें सांगितलीं असतील याचा विचार आमच्या मनांत वारंवार येतो. पुढें १८५६ त ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले. आंकडेवारी गोळा करणारा मनुष्य राज्याच्या शिखरावर जावा यांत इंग्रजी राज्याची एक नाडी सांपडते, पण तो विषय वेगळा.

शिंग पाहिलें कीं इतिहासाच्या विद्यार्थ्यास लढाई आठवते. हें शिंग कशासाठीं, हा प्रश्न डार्विनलाहि पडला होता. १८७१ सालच्या आपल्या मानवाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथांत त्यानें अ‍ॅटलस भुंगेऱ्याचें चित्र देऊन त्याची चर्चा केली आहे. त्याचा तर्क असा कीं, शिंगें झुंजीसाठीं असतीं तर त्यांवर झिजेच्या, घांसटल्याच्या खुणा दिसावयास हव्या होत्या. तशा दिसत नाहींत, शिवाय एकाच जातींत त्यांचा आकार फार कमीजास्त असतो. तेव्हां तीं मोराच्या पिसाऱ्याप्रमाणें शोभेचीं असावीं. एवढा सावध मनुष्य, पण येथें चुकला. १९४० नंतरच्या दशकांत विल्यम बीब यांनीं व्हेनेझुएलांतल्या रानांत हर्क्युलीस भुंगेऱ्यांच्या झुंजी प्रत्यक्ष पाहून लिहिल्या: दोन नर एकमेकांस शिंगांच्या चिमट्यांत पकडून उचलतात व आपटतात. २०१४ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं याहून पुढें जाऊन तीन जातींचीं शिंगें तपासलीं. एक जात तरफेसारखें उचलणारी, एक भाल्यासारखें ढकलणारी, एक सांडशीसारखें दाबणारी. आणि ज्या जातीची झुंजण्याची जशी रीत तशाच ताणाला तिचें शिंग सर्वांत मजबूत, असें त्यांस आढळलें. म्हणजे या कुळांतली शिंगांची विविधता ही नुसती निसर्गाची लहर नसून तितक्या निरनिराळ्या आखाड्यांचे डावपेंच आहेत. लहानपणीं भरपूर खावयास मिळालेल्या अळीचा नर मोठ्या शिंगाचा होतो. उपाशी वाढलेल्याच्या डोक्यावर नुसता उंचवटा राहतो. आमच्या डायोनिशिअसचे नर आम्हीं कांचेच्या बरणींत ठेवून पाहिले. त्यांतहि हा गरीब-श्रीमंत भेद सहज ओळखतां येई. झुंज मात्र आमच्यासमोर त्यांनीं केली नाहीं. दोघेहि मातींत शिरून बसले.

त्यांच्या ताकदीविषयीं एक गप्प सर्वत्र छापून येते, ती येथेंच मोडून टाकावी. गेंडा-भुंगेरा स्वतःच्या वजनाच्या साडेआठशें पट ओझें उचलतो म्हणतात. १९९६ सालीं रॉजर क्राम या संशोधकानें एका अमेरिकन जातीच्या पाठीवर शिसें लादून मोजमाप केलें, तेव्हां तो शंभरपट ओझ्यानें कसाबसा चालला आणि तीसपट ओझें घेऊन मात्र बराच वेळ निवांत चालत राहिला. आमच्या मतें तीसपट हीच थक्क करणारी गोष्ट आहे. साठ किलोच्या हमालानें अठराशें किलो घेऊन फलाट ओलांडल्यासारखें तें झालें.

हिंदुस्थानांतल्या या कुळाचा पहिला सुसंगत ग्रंथ १९१० सालीं निघाला. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील गिल्बर्ट अ‍ॅरो यांनीं तो सरकारी प्राणिसृष्टि-मालेसाठीं लिहिला. शिरूरच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यानें आजहि आपल्या अंगणांतल्या भुंगेऱ्याचें कूळ लावावयाचें म्हटलें तर आरंभ त्याच इंग्रजी ग्रंथापासून करावा लागतो. मध्यंतरीं शास्त्र थांबलेलें नाहीं. सह्याद्रींतल्या दुशिंगी भुंगेऱ्यास सगळे गिडिअन म्हणत, त्या एका नांवाखालीं कित्येक स्वतंत्र जाति दडल्या होत्या असें अलीकडच्या संशोधकांनीं दाखविलें आहे. म्हणजे साहेबांचीं राजवंशी नांवेंहि कायमचीं नव्हेत. लागलीच १९११ मध्यें बिहारांतील पुसाच्या कृषिसंस्थेंतून सी. सी. घोष यांनीं नारळावरच्या गेंड्या भुंग्याचें अंड्यापासूनचें सबंध जीवनवृत्त प्रसिद्ध केलें. त्याची अळीहि कुजक्या लांकडांत व शेणखतांतच वाढते. पण पंख फुटल्यावर तो माडाच्या शेंड्यांत शिरून कोंवळा गाभा पोखरतो, आणि पुढें तें झांप उलगडलें कीं कात्रीनें कापल्यासारखें दिसतें. घोषांनीं लिहिलें त्याच सुमारास या किड्यानें सातासमुद्रांपलीकडे एक अनर्थ मांडला होता. १९०९ सालीं सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर तो जर्मनांच्या ताब्यांतील सामोआ बेटांत गेला. तेथें त्याचा कोणी शत्रु नव्हता आणि खाण्यास मैलोगणती नारळ होते. सक्तीनें भुंगेरे वेंचविण्यापर्यंत सरकारची मजल गेली, तरी तो बेटामागून बेट घेत सुटला. १९६३ सालीं ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञास मलायांत या भुंग्यांत पसरणारा एक रोगविषाणु सांपडला. १९६७ त तो सामोआंत सोडल्यावर तेथें उपद्रव ओसरला. आपल्या लक्षद्वीपांतहि १९८० नंतरच्या दशकांत तोच उपाय योजिला गेला. पण २००७ मध्यें ग्वाम बेटांत पोहोंचलेली जात या रोगाला दाद देत नाहीं, असें आढळून आलें आहे.

ही हकीकत सविस्तर सांगण्याचें कारण इतकेंच कीं, उकिरड्यांत अगदीं सारख्या दिसणाऱ्या दोन अळ्यांपैकीं एक पुढें काय करील आणि दुसरी काय करील यांत केवढें अंतर असूं शकतें, हें तींत दिसतें. घाटावर माड थोडे, म्हणून गेंड्या भुंग्याची धास्तीहि थोडी. आमच्याकडचा गुन्हेगार तिसराच आहे, आणि त्याला मोठें करण्यांत आमचाच हात आहे.

शिरूर-दौंड हा मूळचा ज्वारी-बाजरीचा कोरडा प्रदेश. १८७६-७७ च्या दुष्काळानें होरपळलेला. १८७८ त दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचें धरण पुरें होऊन मुठेचा उजवा कालवा या बाजूस पाणी घेऊन आला. स्वातंत्र्यानंतर घोड नदीवर चिंचणीस धरण झालें, पाटसला व न्हावऱ्याला साखर कारखाने उभे राहिले, आणि ज्या रानांत वर्षाचे आठ महिने ढेंकळांशिवाय कांहीं नसे तेथें बारमहा ऊंस उभा राहूं लागला. हुमणीला याहून काय हवें? वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडला कीं तिचे भुंगेरे संध्याकाळीं जमिनींतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात, आणि पहांटे पुन्हां मातींत शिरून अंडीं घालतात. अळी भाद्रपद-आश्विनांत उंसाचीं मुळें कुरतडते. बेट पिवळें पडतें, आणि हातानें ओढलें तर उपटून येतें. एका रात्रींत एकराचें नुकसान दिसतें असें शेतकरी म्हणतात तें अतिशयोक्तीचें नाहीं; नुकसान दोन महिने होत असतें, दिसतें एका दिवसांत. या हुमणीची मुख्य जात, होलोट्रायकिया, गेंड्याच्या घराण्यांतली नव्हे. चुलत घराण्यांतली, बिनशिंगाची.

तिच्या नायनाटासाठीं सरकारनें व कारखान्यांनीं मोहिमा काढल्या, त्या योग्यच होत्या. झाडें हलवून रात्रीं भुंगेरे वेंचावे व रॉकेलच्या पाण्यांत टाकावे. शेताच्या बांधावर दिव्याचे सांपळे लावावे. मेटॅरायझियम नांवाची हिरवी बुरशी शेणखतांत मिसळावी. या बुरशीचाहि इतिहास मोठा आहे. १८७९ सालीं रशियन साम्राज्यांतल्या ओडेसा येथें मेचनिकॉफनें गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्यांवर ती ओळखली. आज ती न्हावऱ्याच्या कृषिसेवाकेंद्रांत पुड्यांतून मिळते आणि शेतकरी तिचें नांव बिनचूक घेतात. याखेरीज पुष्कळ वर्षें फोरेटचे दाणे सऱ्यांतून पेरले गेले. त्या विषावर देशांत २०२० च्या अखेरीस बंदी आली. तोंवर त्यानें मातींतल्या कोणाकोणाचा निकाल लावला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. दिव्याच्या सांपळ्याखालची बादली सकाळीं पाहावी. बिनशिंगांबरोबर शिंगवाले, शेणाच्या गोळ्या करणारे, पाणकिडे, सगळे एकाच रॉकेलांत. रांजणगांव व कुरकुंभच्या कारखान्यांचे झगझगीत दिवे तर कोणी न लावतां लागलेले सांपळेच होत. शिवाय बैल गेले, ट्रॅक्टर आले; ज्या घरापुढें चार जोड्या असत तेथें आतां एक दुभती गाय. उकिरडाच आटला तर त्यांतला कुणबी कोठें जाईल?

येथें न्यायासाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा डायोनिशिअस अगदीं साधु आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्या अळीनें भातासारख्या पिकाचीं मुळें खाल्ल्याचे आरोप मधूनमधून नोंदले गेले आहेत. पण उंसाच्या बेटाखालीं सांपडणारी आणि उकिरड्यांत सांपडणारी अळी एकच, हा समज मात्र निखालस चुकीचा. आणि तो मोडण्यास लॅटिनची गरज नाहीं, चार रुपयांचें भिंग पुरतें.

भाद्रपदांत आम्ही न्हावऱ्यास गेलों. पाटलांनीं शब्दाप्रमाणें उकिरडा उकरला. चंद्रकोरीसारख्या वांकलेल्या, पांढुरक्या, तांबड्या डोक्याच्या अळ्या फावड्याबरोबर वर आल्या. त्यांनीं विजयी मुद्रेनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं त्यांस उंसाच्या एका पिवळ्या बेटाखालची अळी आणावयास सांगितलें. दोन्ही पाटावर शेजारीं ठेवून भिंग त्यांच्या हातीं दिलें आणि, सभ्य वाचकांची क्षमा मागून सांगतों, अळ्यांचें मागलें टोंक पाहावयास सांगितलें. उंसाखालच्या अळीच्या गुदाची फट तीन फांट्यांची, इंग्रजी वाय अक्षरासारखी. उकिरड्यांतलीची आडवी, सरळ रेघेसारखी. शेणखतांतल्या अळ्यांपैकीं एक तर पाटावर सोडतांच उलटी होऊन पाठीवरच सरपटत निघाली. ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची अळी, तिची चालण्याची रीतच ती. तिला पाहून पाटलांचा नातू खो खो हंसला आणि भिंग आजोबांच्या हातून गेलें तें परत आलें नाहीं. तासाभरांत त्या मुलानें उकिरड्यांतल्या साऱ्या अळ्या उलट्यासुलट्या करून तपासल्या. तीन फांट्यांच्या दोनच निघाल्या.

"ह्येचं नांव काय म्हनला?" पाटलांनीं पुन्हां विचारलें. आम्हीं यावेळीं डायोनिशिअस सांगून टाकलें. त्यांनीं तें एकदां तोंडांत घोळवून पाहिलें, मान हलविली आणि म्हणाले, "दिवाणसाहेब म्हनू मग." नातवानें तें तत्काळ उचललें. आडव्या रेघेच्या अळ्या दिवाणसाहेब म्हणून पुन्हां खतांत लोटल्या गेल्या, तीन फांट्यांच्या कोंबडीपुढें टाकल्या गेल्या. मात्र निघतांना पाटील आम्हांस बांधापर्यंत पोंचवावयास आले तेव्हां म्हणाले, "तरी बी, साहेब, उंसाच्या कडंचा उकिरडा येवढा फुडल्या साली हलिवतोच. दिवाण झाला तरी शेवटी मुळापाशीच बसनार की."